पान बघून झाड लावा

मंचरहून आहुप्याला जाणाऱ्या एस.टी.त खिडकीशी जागा मिळाली, तर मोबाइल खिशात ठेवा आणि बाहेरची पाने बघत चला. मंचरच्या आसपास बांधावर बाभळी आणि बोरी दिसतात. बाभळीचे पान म्हणजे बारीक टिकल्यांची रांगोळी. घोडेगाव मागे पडले, डिंभे धरणाचे पाणी दिसू लागले की साग, ऐन, पळस सुरू होतात. पाने एकदम हाताच्या पंजाएवढी, काही सुपाएवढी. आणि शेवटी आहुप्याच्या देवराईत शिरलात की जांभूळ आणि अंजनीची जाड, चामड्यासारखी, गडद हिरवी पाने डोक्यावर येतात. प्रवास साठेक किलोमीटरचा. तेवढ्यात पान तीनदा बदलते. जुन्नरच्या पूर्वेकडच्या आणे पठारावरून नाणेघाटाकडे निघालात, तरी साधारण हेच दिसेल.

हे बदल कशामुळे होतात, हा प्रश्न वनस्पतिशास्त्राच्या वर्गापुरता राहिलेला नाही. दर पावसाळ्यात आपण गावोगावी जे खड्डे घेतो आणि त्यात जी रोपे लावतो, त्याचे उत्तर याच प्रश्नात आहे. ते उत्तर न वाचताच आपण झाडे लावतो, अशी माझी तक्रार आहे.

आधी पान काय करते ते पाहू. पानाला हवेतून कार्बन डायऑक्साइड घ्यायचा असतो. त्यासाठी त्याला आपली सूक्ष्म छिद्रे, म्हणजे पर्णरंध्रे, उघडावी लागतात. छिद्र उघडले की आतले पाणी वाफ होऊन बाहेर जाते. कार्बन डायऑक्साइडचा एक रेणू मिळवण्यासाठी बहुतेक झाडे पाण्याचे शेकडो रेणू गमावतात. पानाची सगळी घडण या तोट्याच्या सौद्याभोवती फिरते. खर्चायला पाणी किती, ते किती महिने पुरणार, आणि पान बनवायला घातलेले भांडवल वसूल व्हायला किती दिवस लागणार, यावर पानाचा आकार, जाडी आणि आयुष्य ठरते.

२००४ साली इयान राइट, पीटर राइक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जगभरातल्या १७५ ठिकाणच्या २,५४८ जातींच्या पानांचा हिशेब ‘नेचर’ या नियतकालिकात मांडला. एक चौरस मीटर पान भरायला किती वजन लागते, हे त्यांनी पाहिले. कुठे अवघे १४ ग्रॅम, तर कुठे दीड किलो! पानाचे आयुष्यही एका महिन्यापेक्षा कमी ते तब्बल चोवीस वर्षे. पण या गोंधळात एक शिस्त निघाली. स्वस्तात बनलेले पातळ पान भराभर कमावते आणि लवकर मरते. महागाचे जाड पान हळूहळू कमावते, पण पुष्कळ टिकते. आपल्या भाषेत सांगायचे तर एक रोखीचा धंदा, दुसरी मुदत ठेव. पातळ, स्वस्त आणि शिवाय दीर्घायुषी असे पान निसर्गात जवळपास सापडत नाही.

आता हा हिशेब आपल्या दोन तालुक्यांना लावून पाहा. घाटमाथ्यावर वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो. पूर्वेकडच्या लोणी-धामणी परिसरात त्याचा जेमतेम पाचवा हिस्सा. मग घाटमाथ्यावर एवढे पाणी असताना अंजनीचे पान चामड्यासारखे जाड कशाला? कारण पाऊस चार महिन्यांचा आहे. उरलेले आठ महिने उथळ माती, वारा आणि ऊन. पण तिथली हवा तुलनेने गार, सावली दाट, सकाळी दव. त्यामुळे पान सांभाळून ठेवले, तर कोरड्या महिन्यांतही थोडी थोडी कमाई होत राहते. अशा जागी मुदत ठेव परवडते.

मधल्या पट्ट्यात ती परवडत नाही. तिथला उन्हाळा पान सांभाळू देत नाही. म्हणून साग आणि पळस पावसाळ्यात मोठे, पातळसर पान पसरून भरपूर कमावतात आणि पाणी आटले की दुकान बंद करतात. झाड उन्हाळ्यात उघडेबोडके दिसते ते आजारामुळे नव्हे, तो त्याचा हिशेब असतो.

पूर्वेकडे बाभळीची टिकली. २०१७ साली राइट आणि सहकाऱ्यांनी ‘सायन्स’मध्ये ६८२ ठिकाणच्या ७,६७० जातींच्या पानांचे आकार तपासले. मोठ्या पानाला थंड राहायला भरपूर पाणी उडवावे लागते. पाणी नसेल, तर भर उन्हात ते तापून करपते. बारीक पानाची उष्णता मात्र वारा सहज वाहून नेतो. रात्रीच्या थंडीचाही असाच परिणाम होतो, असे त्यांना दिसले. म्हणजे पानाच्या आकारात त्या जागेचे ऊन, पाणी आणि थंडी नोंदलेली असते.

इथपर्यंत कोणी म्हणेल, की जांभूळ जांभळासारखे आणि बाभूळ बाभळीसारखी, ज्याचे त्याचे कूळ वेगळे, त्यात नवल काय? नवल इथेच आहे. पान कुळापेक्षा जागेचे जास्त ऐकते.

हिरडा, बेहडा, ऐन, जांभूळ, अंजनी, धायटी. जुन्नर-आंबेगावच्या पश्चिम भागातली ही रोजच्या ओळखीची झाडेझुडपे. वनस्पतिशास्त्र या सगळ्यांना एकाच गणात ठेवते, त्याचे नाव मायर्टेलीज. परसातला पेरू, शेतातले डाळिंब आणि ऑस्ट्रेलियातून आलेली निलगिरी याच गोतावळ्यातली. हे सारे कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या एका पूर्वजाचे वंशज. पण त्यांची पाने शेजारी ठेवा. अंजनी आणि जांभळाचे पान जाड, वर्षभर झाडावर. हिरडा आणि ऐन पानझडी. ऐन आणि हिरडा तर अगदी जवळचे, एकाच प्रजातीतले. निलगिरीचे पान खाली लोंबणारे, दोन्ही बाजू सारख्या; भर दुपारचे ऊन त्याच्या अंगावर पडतच नाही. नातेवाईक असूनही प्रत्येकाने आपापल्या गावच्या पाण्याप्रमाणे संसार मांडला आहे.

याच्या उलटही घडते. ज्यांचे काडीचे नाते नाही ते एकसारखे दिसू लागतात. आपण ज्याला सरसकट निवडुंग म्हणतो त्यात दोन वेगळी घराणी आहेत. फड्या निवडुंग हा अमेरिकेतून आलेला खरा कॅक्टस. कापला की चीक निघतो तो काटेरी निवडुंग एरंडाच्या कुळातला. दोघांनीही पान जवळपास सोडून दिले, अन्न बनवण्याचे काम हिरव्या खोडाकडे दिले आणि काटे धरले. दोन खंडांवर, एकमेकांना न विचारता. कोरड्या जागेने दोघांना एकच धडा दिला.

त्रिफळा चूर्णाचा डबा बहुतेक घरांत असतो. हिरडा, बेहडा, आवळा. पहिल्या दोघांचे नाते आताच पाहिले. आवळा मात्र परक्या घरचा, आणि त्याचे पान तर चकवाच. आवळ्याची डहाळी पाहिली की बाभळीसारखेच बारीक पर्णिकांचे संयुक्त पान वाटते. पण आवळा फुलावर असताना नीट बघा. फुले त्या ‘पानाच्या’ दांडीवरच, टिकल्यांच्या बेचक्यात येतात. पानाच्या दांडीवर फुले येत नाहीत. म्हणजे ते पान नसून बारीक फांदी आहे आणि तिच्यावरची प्रत्येक टिकली स्वतंत्र पान. आवळा पानगळीला ही अख्खी फांदीच टाकून देतो. बाभळीने एका पानाचे तुकडे केले, आवळ्याने अनेक पाने ओळीत मांडली. उत्तर एकच, रीत वेगळी.

हा चकवा रोपवाटिकेतही सापडतो. रस्त्याकडेला आणि टेकड्यांवर लावलेल्या ऑस्ट्रेलियन बाभळीचे कोयत्यासारखे वाकडे लांब पान आपण पाहतो. ते पान नसतेच. तो पानाचा देठ आहे, चपटा होऊन पसरलेला. कोवळ्या रोपाला पहिली काही पाने आपल्या बाभळीसारखी पिसांची येतात, मग पिसे गळतात आणि देठच पान बनतो. एकाच रोपावर दोन्ही अवस्था दिसतात. शाळेतल्या मुलांना उत्क्रांती शिकवायला यापेक्षा चांगले साधन नाही, आणि पिशवीसकट फार तर वीस-तीस रुपयांत मिळते.

शेतातही हीच गोष्ट आहे. घाटाखालच्या खाचरात भात आणि वरच्या उतारावर नाचणी, वरई. दोन्ही गवतेच. पण नाचणीच्या पानाची आतली रचना वेगळी आहे. शिरांभोवती पेशींचे खास कडे असते, आणि त्यात कार्बन डायऑक्साइड दाटीने साठवला जातो. त्यामुळे पर्णरंध्रे कमी उघडून भागते आणि तेवढ्याच पाण्यात जास्त धान्य होते. बाजरी, ज्वारी, मका, ऊस यांचीही तीच रीत. शास्त्रज्ञ तिला ‘सी-फोर’ म्हणतात. वनस्पतींच्या जेमतेम तीन टक्के जातींत ती आहे, पण वेगवेगळ्या घराण्यांत ती साठाहून अधिक वेळा स्वतंत्रपणे उगवली. आमच्या आज्या उतारावर नाचणी आणि पूर्वेकडे बाजरी पेरत, त्या पेशी मोजून नव्हे. पण कुठल्या जमिनीला कुठले पान झेपते, हे त्यांना माहीत होते.

आता माझ्या तक्रारीकडे येतो. काही वर्षांपूर्वी घाटमाथ्याजवळच्या एका गावात वृक्षारोपणाला पाहुणा म्हणून गेलो होतो. टेम्पोतून उतरवलेली रोपे होती गुलमोहर, ऑस्ट्रेलियन बाभूळ आणि कडुनिंब. गुलमोहर मादागास्करचा, बाभूळ ऑस्ट्रेलियाची, यावर कोणीतरी कुजबुजले. आयोजक म्हणाले, “कडुनिंब तर देशी आहे ना?” देशी आहेच. पण ते मंचरच्या बांधावरचे झाड आहे. कोरड्या हवेत, निचऱ्याच्या जमिनीत ते जोमाने वाढते. चार महिने धो धो पाऊस आणि ढगांत बुडालेल्या गावात ते काय करणार? समोरच्या देवराईत उत्तर उभे होते. तिकडे मात्र फोटोपुरतीही कोणाची पाठ वळली नाही.

म्हणूनच ‘देशी की विदेशी’ हा वाद मला अपुरा वाटतो. देश मोठा आहे. प्रश्न गावाचा आहे. आहुप्याच्या झाडाला लोणी-धामणी परदेश आहे, आणि मंचरच्या कडुनिंबाला आहुपे. साठ किलोमीटरच्या दोन टोकांना रोपांची एकच यादी पाठवणे म्हणजे साऱ्या घराला एकाच मापाची चप्पल आणणे.

राज्याने २०१६ साली दोन कोटी, २०१७ साली चार कोटी, २०१८ साली तेरा कोटी आणि २०१९ साली तेहतीस कोटी रोपांची लक्ष्ये ठेवली. हेतूबद्दल मला शंका नाही. पण कोटींच्या भाषेत मोजायचे ठरले की रोपवाटिकेत जे लवकर उगवते तेच लावले जाते. लवकर उगवणारे पान म्हणजे बहुधा रोखीच्या धंद्याचे पान. अंजनी रोपवाटिकेत सहसा का दिसत नाही, याचे उत्तर तिच्या पानातच आहे. ती सावकाश वाढते. तिचा व्यवहारच दीर्घ मुदतीचा आहे. वर्षभरात निकाल मागणाऱ्या योजनेत ती बसत नाही.

यावर दोन आक्षेप येतात, आणि दोन्ही रास्त आहेत. पहिला असा, की काहीच नसण्यापेक्षा कोणतेही झाड बरे. गावाला सरपण लागते, सावली लागते. मान्य. गिरिपुष्प घ्या. झाड परदेशी, पण पान मऊ, नत्राने भरलेले, चटकन कुजणारे. भाताच्या बांधावर हिरवळीच्या खतासाठी ते उत्तम. तिथे रोखीचेच पान हवे. तेच देवराईच्या कडेला जंगल म्हणून लावले तर चूक. म्हणजे झाड वाईट नसते, जागा चुकते.

दुसरा आक्षेप शेतकऱ्यांवरचा. राबासाठी ऐनाच्या फांद्या तोडतात, झाडे बोडकी करतात, मग लावून उपयोग काय? फांद्या तोडतात हे खरे. पण ऐन हे दरवर्षी पान टाकून नव्याने धरणारे झाड आहे. त्याच्या फांद्या बेताने तोडल्या तर ते सावरते. जाड पानाच्या अंजनीला तो घाव फार महाग पडेल. राबासाठी ऐनाची निवड हे आमच्या लोकांचे पानांचे ज्ञानच आहे. अतिरेक थांबवायला हवा, पण त्या ज्ञानाला अडाणीपणा म्हणण्याचे कारण नाही.

एका जागेबद्दल मात्र मी आग्रही आहे. घाटमाथ्यावरचे उघडे कातळसडे सरकारी कागदावर बहुधा पडीक म्हणून दिसतात, आणि खड्डे घ्यायला ‘मोकळी जागा’ म्हणून आधी तेच डोळ्यांत भरतात. सह्याद्रीच्या या सड्यांवर पावसाळ्यात बोटभर उंचीचे दवबिंदू उगवतात. त्यांच्या पानावरच्या चिकट थेंबांत किडे अडकतात आणि पान ते पचवते. शेजारीच निळ्या-जांभळ्या फुलांची सीतेची आसवे. त्यांची काही पाने मातीत आणि पाण्यात बारीक फुगे होऊन सूक्ष्म जीव पकडतात. मातीत नत्र नाही, म्हणून पानानेच शिकार धरली. ही कला वनस्पतींनी वेगवेगळ्या घराण्यांत अनेकदा, स्वतंत्रपणे मिळवली आहे. त्या सड्यावर बाहेरची माती टाकून, खत घालून, वर ऑस्ट्रेलियन बाभूळ लावली, तर आपण पडीक जमीन हिरवी केलेली नसते. लाखो वर्षांचा संसार उठवलेला असतो.

आणि हिरडा. जुन्नर-आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यातल्या महादेव कोळी कुटुंबांसाठी बाळहिरडा म्हणजे उन्हाळ्यातली हातातली रोकड. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने या भागातल्या हिरड्याचे मोठे नुकसान केले, आणि भरपाईसाठी लोकांना वर्षानुवर्षे आंदोलने करावी लागली. पीक पडले तर पंचनामा होतो. झाड पडले तर त्याचे मोल कसे धरायचे, हा घोळ. हिरडा दरवर्षी पान टाकतो म्हणून तो रोखीचा धंदा समजू नका. पावसाची वाट न बघता तो भर उन्हाळ्यात नवी पालवी धरतो, ती खोल मुळांच्या जोरावर. तेवढी मुळे जायला काळ लागतो. पडलेल्या जुन्या हिरड्याची जागा पिशवीतले रोप एका पावसाळ्यात भरून काढत नाही, त्यामुळे भरपाईही एका हंगामाच्या मोजमापात बसत नाही.

मग करायचे काय? फार अवघड नाही. तालुक्याचे पावसाप्रमाणे तीन पट्टे पाडा: घाटमाथा, मधला आणि पूर्वेचा. प्रत्येक पट्ट्याची रोपांची यादी वेगळी करा. ती यादी जिल्ह्याच्या कचेरीत न करता जवळच्या देवराईत, जुन्या बांधांवर आणि गावातल्या म्हाताऱ्यांच्या सोबत करा. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी सत्तरच्या दशकात महाराष्ट्रातल्या देवराया हिंडून त्यांचे महत्त्व नोंदवले. त्या देवराया म्हणजे आयत्या याद्याच आहेत. बीसुद्धा त्याच पट्ट्यातल्या झाडांचे घ्या. एकाच जातीची दोन गावांतली झाडेही अगदी सारखी नसतात. सडे यादीतून वगळा. आणि लावलेल्या रोपांचा आकडा जुलैत जाहीर करण्याऐवजी जगलेल्या झाडांचा आकडा तिसऱ्या उन्हाळ्यात जाहीर करा. तिसऱ्या उन्हाळ्यात आकडा लहान होईल. पण तो खरा असेल.

एवढे सगळे सरकारने करेपर्यंत आपण एक गोष्ट करू शकतो. यंदा कोणी तुमच्या हातात रोप दिले, तर त्याचे एक पान बोटांत धरा. जाड आहे की पातळ, मोठे की बारीक, वर्षभर टिकणारे की गळणारे, एवढे बघा. मग आसपासच्या जुन्या, कोणीही न लावलेल्या झाडाचे पान बघा. दोन्हींची काही ओळख पटते का? नसेल पटत, तर खड्डा घेण्याआधी विचारा, हे रोप मुळात कोणत्या गावचे?